भीती कोणाची आणि माया कोणावर?

मंडळी, आपण अक्षरे शिकलो, जोडाक्षरे शिकलो. आपले नाव, गाव, पत्ता लिहायला शिकलो. आता तुम्हाला पत्र लिहिता येते. मोबाइलवर चार ओळींचा निरोप धाडता येतो. अर्जावर अंगठ्याऐवजी सही करता येते. ही काही लहान गोष्ट नाही.

पण पत्रात नुसता हिशेब नसतो. कांदा काय भावाने गेला, गाय कधी व्याली, हे तर आपण लिहितोच. त्याबरोबर मनातलेही लिहावे लागते. कशाची तरी भीती वाटते. कोणाचा तरी राग येतो. कोणावर माया असते, कोणाबद्दल आदर असतो. भीती, राग, माया, आदर हे शब्द तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहेत. ते कोणी शिकवायला नकोत. लिहिताना घोटाळा होतो तो त्यांच्या अलीकडच्या नावाला काय जोडायचे, यात. कोठे 'ची' लिहावे, कोठे 'वर' लिहावे, कोठे 'बद्दल' लिहावे, हा आजचा धडा आहे. नावाला लागणाऱ्या या लहान शब्दाला आपण या धड्यापुरते 'जोड' म्हणू.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जोडीने काय बिघडते? बोलताना फारसे बिघडत नाही. बोलणाऱ्याचे तोंड दिसते, हात दिसतो, आवाज कळतो. समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे कसं?" कागदाला कोणी विचारू शकत नाही. तेथे जोड सांगेल तोच अर्थ.

एका निरोपाची गोष्ट

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली पुष्कळ माणसे मुंबईला पोटापाण्यासाठी राहतात. कोणी डबे पोहोचवतो, कोणी बाजारात हमाली करतो. बायकामुले गावी असतात. अशाच एका घरातली गोष्ट आम्ही सांगतो.

बाई वाडीवर राहत होती. मुलगा सातवीत होता. शाळेची वाट उसाच्या फडातून जात होती. उसात बिबट्या दिसल्याची बोलवा उठली. पोरगा संध्याकाळी घरी येईपर्यंत बाईचा जीव थाऱ्यावर नसे. ती नुकतीच लिहायला शिकली होती. तिने मोबाइलवर मालकांना निरोप लिहिला, "पोराची लई भीती वाटते. काय ते बघा."

मालकांनी तो निरोप गाडीच्या गर्दीत उभ्याउभ्या वाचला. त्यांना वाटले, पोरगं आईला जुमानत नाही, अंगावर धावून जातं, म्हणून तिला त्याची भीती वाटते. त्यांनी रागाने उत्तर लिहिले, "शाळा बंद कर. इकडे पाठव. कामाला लावतो."

बाई तो मोबाइल घेऊन आमच्या वर्गात आली. डोळ्यांत पाणी होते. तिला कळेना की आपण लिहिले काय आणि उत्तर आले काय! आम्ही तिच्याकडून पुन्हा लिहून घेतले, "मला पोराची काळजी वाटते. उसाच्या वाटेने येताना त्याला बिबट्याची भीती आहे. संध्याकाळी त्याला घ्यायला कोण जाईल, ते सांगा." रात्री मालकांचा फोन आला. शेजारच्या भावकीतल्या माणसाने पोराला रोज आणावे असे ठरले. मुलाची शाळा वाचली.

पाहा, पहिल्या निरोपात एकही अक्षर चुकलेले नव्हते. पण 'पोराची भीती' म्हटले की पोरगा भिववणारा ठरतो. 'पोराची काळजी' म्हटले की पोरगा जपायचा ठरतो. जोड तीच राहिली, पुढचा शब्द बदलला, आणि अर्थ सरळ झाला. म्हणून कोणत्या शब्दाला कोणती जोड लागते आणि ती काय सांगते, हे नीट पाहू या.

पहिली जोड: ला

मनात काही येते ते कोणाच्या तरी मनात येते. ज्याच्या मनात येते, त्याच्या नावाला 'ला' लागतो.

आईला काळजी वाटते.
मला राग आला.
शेतकऱ्याला आनंद झाला.
आजीला नातवाची आठवण येते.

वाटणे, येणे, होणे अशी क्रिया असली म्हणजे हा 'ला' हवाच. अर्जात किंवा पत्रात पुष्कळदा हा भाग गळतो. "फार भीती वाटते" एवढेच लिहिले जाते. कोणाला वाटते? लिहिणाराला, की गावाला, की लहान मुलांना? वाचणाऱ्याने ते ओळखावे असे धरून चालू नये. "आमच्या वाडीतल्या मुलांना भीती वाटते" असे पुरते लिहावे.

दुसरी जोड: चा, ची, चे

ज्याच्यामुळे मनात ती गोष्ट उठते, त्याला बहुतेक वेळा 'चा', 'ची' किंवा 'चे' लागते.

मला सापाची भीती वाटते.
मला पोरीचा अभिमान वाटतो.
त्याला कामाचा कंटाळा येतो.
तिला खोटे बोलण्याची लाज वाटते.
सगळ्यांना त्या मुलाचे कौतुक वाटते.
मुंबईत राहून त्याला गावाची ओढ लागते.
आम्हाला अन्यायाची चीड येते.

आता 'चा' लिहावा की 'ची', हे कसे ठरवायचे? पुढच्या शब्दाकडे पाहून ठरवायचे. राग हा 'तो' आहे, म्हणून 'सापाचा राग'. भीती ही 'ती' आहे, म्हणून 'सापाची भीती'. भय हे 'ते' आहे, म्हणून 'सापाचे भय'. साप एकच आहे. पुढचा शब्द बदलला की जोड बदलते.

तिसरी जोड: वर

काही गोष्टी आपल्या मनातून निघतात आणि दुसऱ्यावर जाऊन बसतात. छपरावर पाऊस पडावा तशा. त्यांना 'वर' लागतो. माया, प्रेम, विश्वास, श्रद्धा, भरवसा, लोभ हे असे शब्द आहेत.

आईची लेकरावर माया आहे.
माझा तुझ्यावर विश्वास आहे.
त्यांची पांडुरंगावर श्रद्धा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. 'वाटते' म्हटले तेव्हा आपण 'मला' लिहिले. येथे 'आहे' म्हटले, तेव्हा 'माझा', 'आईची', 'त्यांची' असे झाले. म्हणजे ज्याच्या मनात आहे त्याला 'चा' किंवा 'ची', आणि ज्याच्यावर आहे त्याला 'वर'. "आईची माया" म्हणजे आईच्या मनातली माया. "आईवर माया" म्हणजे आईसाठी दुसऱ्याच्या मनात असलेली माया. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते.

'लोभ' हा शब्द तर फारच पाहण्यासारखा आहे. जुनी माणसे पत्राच्या शेवटी लिहीत, "लोभ असावा ही विनंती." तेथे लोभ म्हणजे माया. आमच्यावर लोभ असावा, असा त्याचा अर्थ. पण 'पैशाचा लोभ' म्हटले की लोभ म्हणजे हाव. शब्द एकच. 'वर' लागला तर गोड, 'चा' लागला तर कडू.

'भरवसा' पाहा. "पावसाचा भरवसा नाही," म्हणजे पाऊस येईल की नाही हे सांगता येत नाही. "माझा त्याच्यावर भरवसा नाही," म्हणजे मी त्याला विश्वासाचा मानत नाही. पहिल्या वाक्यात दोष पावसाकडे आहे. दुसऱ्यात आपण आपल्या मनातले सांगतो. एखाद्या माणसाविषयी लिहिताना यातले काय सांगायचे आहे, ते आधी ठरवावे.

राग दोन तऱ्हेचा

राग या शब्दाला दोन्ही जोडी चालतात, आणि दोन्हींचा अर्थ निराळा आहे.

मला दादांचा राग आला.
माझा दादांवर राग आहे.

पहिला राग दुधासारखा उतू येतो आणि खाली बसतो. दुसरा राग मनात मुक्काम करून असतो. बांधावरून भावाभावांत बोलाचाली होते. चार दिवसांनी धाकटा पत्र लिहायला बसतो. त्याने जर लिहिले, "दादा, माझा तुमच्यावर राग आहे," तर तंटा वाढला म्हणून समजा. त्याला समेट करायचा असेल तर असे लिहावे, "दादा, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. आता माझा तुमच्यावर राग नाही." दोन जोडी दोन ठिकाणी नीट बसल्या की दादांना सगळे कळते. कोर्टाची पायरी चढण्याआधी असे एक पत्र लिहून पाहावे.

चौथी जोड: बद्दल आणि विषयी

आदर, सहानुभूती, कृतज्ञता, गैरसमज, आपुलकी अशा शब्दांना 'बद्दल' किंवा 'विषयी' शोभते. या दोहोंचा अर्थ येथे एकच.

मला गुरुजींबद्दल आदर वाटतो.
पूरग्रस्तांविषयी सर्वांना सहानुभूती वाटली.
त्याच्या मनात माझ्याविषयी गैरसमज आहे.

पण 'वाटतो' जाऊन 'करतो' आले की जोड बदलते. "मी गुरुजींचा आदर करतो." "तो शेजाऱ्याचा द्वेष करतो." मनात आहे तोवर 'बद्दल', हातून घडू लागले की 'चा', अशी ही रीत आहे. 'गुरुजींवर आदर' मात्र कोणी म्हणत नाही.

'बद्दल' मोठा उपयोगी आहे. कोठे 'ची' लिहून दोन अर्थ होऊ लागले तर 'बद्दल' किंवा 'विषयी' घालून वाक्य मोकळे करता येते. वरच्या गोष्टीतली बाई "पोराविषयी धास्ती वाटते" असे लिहिती तरी मालकांना कळले असते.

पाचवी जोड: शी

काही गोष्टींना दोन माणसे लागतात. एका हाताने टाळी वाजत नाही. मैत्री, वैर, अबोला, सलोखा यांना 'शी' लागतो.

त्याची माझ्याशी मैत्री आहे.
जावेने जावेशी अबोला धरला.
शेजाऱ्याशी सलोखा ठेवावा.

अशा या पाच जोडी झाल्या. शिकलेल्या लोकांनी यांचा फार पूर्वी अभ्यास केला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. व्याकरणात ला, चा, शी यांना विभक्तीचे प्रत्यय म्हणतात, आणि वर, बद्दल, विषयी यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात. ही नावे पाठ झाली नाहीत तरी अडत नाही. त्यांचे काम कळले म्हणजे पुरे.

दोन अर्थांची वाक्ये

आता जरा कठीण भागाकडे वळू. 'चा', 'ची', 'चे' ही जोड दुतोंडी आहे. ती कधी मन ज्याचे त्याला लागते, कधी ज्याच्यामुळे मन हलते त्याला लागते. त्यामुळे एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवर धरणे झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे यांचे पाणी शेतात आले. ऊस वाढला. उसात बिबट्याला लपायला दाट आडोसा मिळाला. तो तेथे राहू लागला, तेथेच त्याची पिल्ले होऊ लागली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र करावे लागले. आता कोणी लिहितो, "बिबट्याची भीती कमी झाली आहे."

याचा अर्थ काय? एक अर्थ असा की लोक आता बिबट्याला भीत नाहीत. दुसरा अर्थ असा की बिबट्या आता माणसाला भीत नाही. पहिला अर्थ धरला तर वाचणारा निश्चिंत होईल. दुसरा अर्थ धरला तर तो पोराबाळांना घरात घेईल. एका वाक्यात सुख आणि संकट दोन्ही! असे वाक्य अर्जात कधी लिहू नये. 'ला वाटणारी' असे दोन शब्द घालावे, म्हणजे गाठ सुटते.

लोकांना वाटणारी बिबट्याची भीती कमी झाली आहे.
बिबट्याला वाटणारी माणसाची भीती कमी झाली आहे.

आता शंका उरली नाही.

दुसरे उदाहरण घ्या. "आबांचा राग अजून गेला नाही." आबा रागावलेले आहेत, की कोणी आबांवर रागावला आहे? "आबांच्या मनातला राग" किंवा "आबांवरचा राग" असे लिहावे. 'वरचा', 'बद्दलचा', 'मनातला' हे शब्द अशा वेळी कामी येतात.

अर्ज लिहिताना

पत्रातला घोटाळा घरातल्या घरात मिटतो. अर्जातला घोटाळा कागदावर कायमचा राहतो. म्हणून अर्जात अधिक जपावे.

विहिरीवरची मोटर चोरीला गेली असे समजा. तुम्ही पोलीस ठाण्यात तक्रार देता. लिहिता, "या चोरीबाबत शेजाऱ्याचा संशय आहे." हे वाक्य घातक आहे. शेजाऱ्याला कोणाचा तरी संशय आहे, की तुम्हाला शेजाऱ्याचा संशय आहे? तुम्हाला म्हणायचे असेल की शेजाऱ्याने रात्री कोणाला तरी पाहिले, तर साफ लिहा, "शेजाऱ्याला एका अनोळखी माणसाचा संशय आला होता." 'ला' ऐवजी 'चा' पडला तर साक्षीदार होता तो चोर ठरू लागतो. शेजाऱ्याची बायकामुले, आपले जन्माचे शेजारपण, सगळे त्या एका अक्षरावर टांगले जाते. आणि खरोखर कोणावर संशय असेल तरच "माझा अमक्यावर संशय आहे" असे लिहावे. तेही कारण देऊन.

तक्रार दुसऱ्याने लिहून दिली असेल तर सही करण्यापूर्वी स्वतः वाचावी. 'ला' कोणाला लागला, 'वर' कोणावर बसला, हे बोट ठेवून पाहावे. वाचता येऊ लागल्याचा हा मोठा लाभ आहे.

वन खात्याला लिहायचे झाले तर आपल्या भागात जुन्नर, ओतूर, मंचर येथे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची कार्यालये आहेत. तेथे नुसते "बिबट्याची भीती आहे" असे लिहून भागत नाही. कोणाला, कोठे, केव्हा, हेही लिहावे. नमुना पाहा:

"आमच्या वाडीच्या पूर्वेला उसाचा फड आहे. तेथे गेल्या आठवड्यात दोनदा बिबट्या दिसला. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांना व पहाटे दूध घालणाऱ्या माणसांना बिबट्याची भीती वाटते. बिबट्याच्या भीतीने मजूर उसात यायला तयार नाहीत. तरी पिंजरा लावण्याबाबत विचार व्हावा, ही विनंती."

येथे 'मुलांना' म्हटल्याने भीती कोणाला ते कळले. 'बिबट्याची' म्हटल्याने भीती कोणापासून ते कळले. 'भीतीने' म्हटल्याने तिचा परिणाम कळला. तीन जोडी, तीन कामे.

दुःखाचे पत्र

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचून कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. घरेच्या घरे चिखलाखाली गाडली गेली. अशी आपत्ती गावावर येते, तसे दुःख एकेका घरावरही येते. तेव्हा लांबच्या नातलगाला दोन ओळी लिहाव्या लागतात. मन भरून आलेले असते आणि हात अडतो. काय लिहावे?

"मला तुमची कीव येते," असे कधी लिहू नये. कीव वरून खाली येते. ज्याची कीव येते तो खाली बसलेला ठरतो. दुःखात असला तरी माणसाचा मान असतो. "तुमच्याबद्दल वाईट वाटते," हेही जपून लिहावे. त्यात तुम्ही काही वाईट केले, असाही वास येतो. दुःख माणसाचे लिहू नये, प्रसंगाचे लिहावे.

"तात्या गेल्याचे कळले. फार दुःख झाले. तुमच्यावर आलेल्या या प्रसंगात आम्ही तुमच्याबरोबर आहोत. तात्यांबद्दल आम्हा सर्वांना फार आदर होता."

'तात्या गेल्याचे' येथे 'चे' लागला तो घडलेल्या गोष्टीला. आनंदाचेही असेच. "मुलगी पास झाल्याचा आनंद झाला." "पाऊस वेळेवर आल्याचे समाधान वाटले."

वरच्या पत्रातले 'तात्यांबद्दल' नीट पाहा. 'त्यां' वर टिंब आहे. ते मानाचे टिंब आहे. 'तात्याबद्दल' लिहिले तर अर्थ कळेल, पण मान जाईल. दादांचा, आबांना, गुरुजींवर, मामींविषयी अशी वडील माणसांच्या नावावर जोडीच्या आधी टिंब देण्याची सवय ठेवावी.

आणखी एक सवय लावून घ्या. जोड नावाला चिकटवून लिहायची. 'बिबट्या ची' असे तोडून लिहू नये, 'बिबट्याची' लिहावे. 'आई वर' नको, 'आईवर' हवे. 'गुरुजीं बद्दल' नको, 'गुरुजींबद्दल' हवे. मोबाइलवर लिहिताना मध्ये मोकळी जागा सहज पडते. तिकडे लक्ष ठेवावे.

मुलांच्या इंग्रजीत काय होते

आपल्या राज्यात २००० सालापासून शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. घरी पोर पुस्तक उघडून बसते. आईबापांना वाटते, यात आपल्याला काय कळणार! पण आजचा धडा समजला असेल, तर त्या पोराची एक अडचण तुम्हालाही समजेल.

मराठीत जोड नावाला लागते आणि भावनेचा शब्द मागून येतो. 'बिबट्याची भीती'. इंग्रजीत उलटे असते. भावनेचा शब्द आधी येतो, मग जोड सुटी उभी राहते, मग नाव येते. भीतीला ते 'फिअर' म्हणतात. 'फिअर ऑफ द लेपर्ड' म्हणजे बिबट्याची भीती. आदराला 'रिस्पेक्ट' म्हणतात. 'रिस्पेक्ट फॉर द टीचर' म्हणजे गुरुजींबद्दल आदर.

पोरांची चूक होते ती अशी. मराठीत आईवर प्रेम असते, म्हणून ती 'वर' चे 'ऑन' करतात आणि 'लव्ह ऑन माय मदर' लिहितात. इंग्रजीत ते 'लव्ह फॉर माय मदर' असे होते. मराठीत विश्वास माणसावर बसतो, इंग्रजीत तो माणसात असतो, 'ट्रस्ट इन'. मराठीत पोरीचा अभिमान असतो, इंग्रजीत 'प्राइड इन'. मराठीत कोणावर राग असतो, इंग्रजीत 'अँगर अॅट'. एका भाषेची जोड दुसऱ्या भाषेत तशीच नेता येत नाही. ती शब्दाबरोबरच पाठ करावी लागते. पोराला सांगा, नुसते 'फिअर' पाठ करू नको, 'फिअर ऑफ' असे जोडीने पाठ कर.

आणि एक गंमत पाहा. पोरापासून वाटणारी भीती इंग्रजीत 'फिअर ऑफ द बॉय' होते. पोराला काही होईल का, ही भीती 'फिअर फॉर द बॉय' होते. म्हणजे वाडीवरच्या त्या बाईला पडलेला पेच इंग्रज बाईलाही आहे. तिलाही जोड जपूनच निवडावी लागते.

आता तुम्ही करा

खाली गाळलेल्या जागी योग्य जोड लिहा. आधी पाटीवर किंवा वहीत लिहा. मग खालची उत्तरे पाहा.

१. आजी__ नातवाची आठवण येते.
२. माझा तुझ्या__ विश्वास आहे.
३. आम्हाला शिवनेरी__ अभिमान वाटतो.
४. मला डॉक्टरां__ आदर वाटतो.
५. त्याने सख्ख्या भावा__ वैर धरले.
६. मला अंधारा__ भय वाटते.
७. पोरांना पाण्या__ भीती वाटते.
८. आईची सगळ्या लेकरां__ सारखी माया असते.

उत्तरे: १. आजीला. २. तुझ्यावर. ३. शिवनेरीचा. ४. डॉक्टरांबद्दल किंवा डॉक्टरांविषयी. ५. भावाशी. ६. अंधाराचे. ७. पाण्याची. ८. लेकरांवर.

पुढच्या दोन वाक्यांचे प्रत्येकी दोन अर्थ होतात. दोन्ही अर्थ ओळखा. मग प्रत्येक अर्थाचे निराळे वाक्य लिहा.

१. सुनेचा राग कमी झाला.
२. मला थोरल्याची भीती वाटते.

उत्तरे: १. "सुनेच्या मनातला राग कमी झाला," किंवा "सुनेवरचा राग कमी झाला." २. "थोरला मला मारील अशी भीती वाटते," किंवा "थोरल्याला काही होईल अशी भीती वाटते." पाहा, 'अशी भीती वाटते' म्हणून सगळे उलगडून लिहिले की जोडीचा घोळच राहत नाही. मनात गोंधळ झाला तर हा सोपा मार्ग धरावा.

शेवटचे काम घरी करायचे आहे. गावाबाहेर राहणाऱ्या आपल्या एका माणसाला पाच ओळींचे पत्र लिहा. त्यात एका ओळीत काळजी, एका ओळीत आनंद आणि एका ओळीत आठवण आली पाहिजे. लिहून झाले की घरातल्या दुसऱ्या कोणाकडून ते मोठ्याने वाचून घ्या. मग त्यालाच विचारा, "काळजी कोणाला आहे? कोणाची आहे?" त्याने तुमच्या मनातलेच उत्तर दिले, तर पत्र खुशाल पेटीत टाका.